खंबाटकीत गाडी एअर धरतीय, चौथी खेप. आता काय बदलू?

हळदीचा_फेरा
राम राम मंडळी. गाडी १६१३ ट्रक, २००८ ची, साधा इनलाईन पंप (इंजिनात डिझेल दाबून सोडणारा मोठा पंप), सेन्सर बिन्सर काय नाही. सांगली यार्डातून हळद भरून वाशी, येताना मिळंल ते भरून परत. दोन महिने झाले एकच रडगाणं चाललंय. येताना पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाच्या चढाला लागलो की गाडी ओढायची बंद होते, दोन आचके देते आणि मरते. सेल्फ मारला तर नुसतं घुर्र घुर्र फिरतंय, सायलेन्सरला धूरपण येत नाही. हॅण्डपंप मारून डिझेलच्या पाईपात शिरलेली एअर (हवा) काढली की चालू होते. मग कधी थेट मिरजेपर्यंत येते, कधी सुरूर फाट्यालाच परत बसते.
आत्तापर्यंत बदललेलं सामान: दोन्ही फिल्टर, फीड पंप (टाकीतनं डिझेल ओढणारा) नवा, टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबरी पाईप, क्लिपा, सगळे तांब्याचे वायसर. परवा चौथ्यांदा बसली तेव्हा घाटातच रात्रीचे दीड वाजले, मागं गाड्यांची रांग, लोकांनी आयमाय काढली. गॅरेजवाला आता म्हणतोय मोठा पंपच खोलावा लागंल. त्याचा आकडा ऐकून आमच्या आण्णांनी जेवणच सोडलं.
एअर येतीय कुठनं? आणि एअर काढायची बरोबर पद्धत कुठली तेपण सांगा, कारण ढाब्यावर दहा ड्रायव्हर दहा पद्धती सांगतायत.

एमएच_अकरा
सांगलीची गाडी साताऱ्याच्या हद्दीत शिरली की तिचा दम सुटतो, यात नवीन काय? 😄

हळदीचा_फेरा
हसा हसा. जाताना तुमच्या जिल्ह्यातनं भरल्या लोडनं बिनतक्रार जाती ओ.

एमएच_अकरा
जाताना बोगदा आहे भावा. घाट फक्त पुण्याहून येणाऱ्यांच्या नशिबात. म्हणून जाताना कळत नसंल.

पाना_सतरा
उंब्रजला हायवेला माझं गॅरेज आहे, तीस वर्षं हेच करतोय. आधी एअर काढायचं सांगतो मग एअर कुठनं येते ते बघू, कारण दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक पहिली करून दुसरी झाली असं समजतात.
डिझेल दाबून दबत नाही, हवा दबते. सगळी गंमत एवढीच. पंपाचा प्लंजर वर येतो, पाईपात हवा असली की ती आकसते, प्लंजर खाली गेला की परत फुगते. नोझल (सिलेंडरात डिझेल फवारणारी) उघडायला दोनशे बारच्या वर प्रेशर लागतं, ते कधी होतच नाही. म्हणून सेल्फ फिरतो पण धूर नाही. धूर नाही याचा अर्थ डिझेल आत पडतच नाही.
काढायची कशी. टाकीत डिझेल आहे का बघायचं (हसू नका, दर महिन्याला एक गाडी नुसत्या रिकाम्या टाकीची येते). फीड पंपावरचा हॅण्डपंपाचा दट्ट्या फिरवून मोकळा करायचा. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दीड-दोन आटे सैल करायचा, खाली फडकं धरायचं आणि मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग एकसारखी धार. धार आली की पंप मारता मारताच बोल्ट आवळायचा. इथंच निम्मे लोक चुकतात, हात थांबवतात आणि मग आवळतात, तेवढ्यात परत हवा आत. मग दुसरा फिल्टर, मग मोठ्या पंपावरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा), तसंच. शेवटी हॅण्डपंप हाताला कडक लागला पाहिजे. आणि दट्ट्या दाबून परत फिरवून बसवायचा, मोकळा ठेवायचा नाही, नाहीतर तिथनंच हवा ओढते.
एवढ्यावर नाही झाली तर नोझलकडच्या टोकाचे दोन-तीन पाईपाचे नट एक आटा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल पिचकारायला लागलं की आवळायचे. सेल्फ दहा-पंधरा सेकंदाच्या वर नाही, मधे मिनिटभर थांबायचं. लोक बॅटरी बसेपर्यंत मारतात आणि मग सेल्फची कॉईल पण माझ्याकडंच आणून देतात, त्याला माझी हरकत नाही.

रिकामा_टेम्पो
दोन-तीन कशाला, सहाच्या सहा सोडायचे, एका झटक्यात काम.

पाना_सतरा
सहा सोडायची गरज नाही. दोन-तीन सिलेंडर पेटले की इंजिन फिरतं, बाकीच्यांची हवा आपोआप निघून जाते. सहा सोडले की सहा ठिकाणी गळायची भीती, आणि गरम मॅनिफोल्डवर डिझेल सांडलं की धूर बघून क्लिनर पळून जातो.

युरियावाला
एक मिनिट. हे वाचून कुणीतरी बीएस सिक्स गाडीचे पाईप सोडायला जाईल म्हणून लिहितोय. कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या रेलमधून डिझेल जातं) नोझलचे पाईप कधीही सोडायचे नाहीत. तिथं सोळाशे-दोन हजार बारपर्यंत प्रेशर असतं. बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून फक्त सुई टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतपण नाही फारसं, आणि काही तासांत हात जायची वेळ येते. तसं कुणाला झालं तर मलम लावत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि डिझेल प्रेशरनं आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती शोधायलाही हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा.
आमच्या गाडीत फिल्टरवरचा प्रायमर (हॅण्डपंपच तो) कडक होईपर्यंत मारायचा, सेल्फ मारायचा, बस. रेलमध्ये ठराविक प्रेशर झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) नोझल उघडतच नाही, त्यामुळे पहिल्यांदा जरा जास्त वेळ फिरते, घाबरायचं नाही.

पाना_सतरा
बरोबर लिहिलंत, माझ्याकडून राहिलं. मी लिहिलं ते फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांना.

रिकामा_टेम्पो
फिल्टर बदलताना आधीच डिझेलनं भरून बसवला तर एअरच धरत नाही. आम्ही कायम तसंच करतो.

युरियावाला
जुन्या गाडीत चालून जातं. कॉमन रेलमध्ये फिल्टरच्या मधल्या भोकातनं डिझेल ओतलंत तर ते न गाळलेलंच थेट पंपाकडं जातं, कारण मधलं भोक म्हणजे गाळून बाहेर पडायची वाट. कॅनमधला एक कण पण तिथं महागात जातो. रिकामाच बसवा आणि प्रायमर मारा, हात दुखले तर दुखले.

वाळव्याची_ट्रॅक्टरवाली
मी ट्रक चालवत नाही पण आमच्याकडं उसाचे दोन ट्रॅक्टर आहेत आणि हिशोब, डिझेल, ड्रायव्हर सगळं मीच बघते. गेल्या गळीत हंगामात कारखान्याच्या लायनीत ट्रॅक्टर उभा असताना आमच्या पोरानं डिझेल संपवलं. कॅननं दहा लिटर ओतलं आणि सेल्फ मारत बसला अर्धा तास. मी फोनवर विचारलं, अरे एअर काढली का? तो म्हणतोय, ताई एअर चेक केली, चारी चाकात बरोबर आहे.

एमएच_अकरा
🤣🤣🤣 मेलो

हळदीचा_फेरा
ताई आमचा क्लिनर तुमच्या पोराचा जुळा भाऊ असणार.

विहिरीवरचं_इंजिन
ट्रॅक्टरवाल्या ताईंनी आठवण काढून दिली. माझं वय आता सत्तरीकडं चाललंय. आमच्या पलूस भागात वीज यायच्या आधी विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन असायचं. किर्लोस्करवाडी सायकलवर जाण्याच्या अंतरावर, १९१० पासनं तो कारखाना तिथं, त्यामुळं गावात दर चार घरांत एक जण तरी स्वतःला फिटर समजायचा. आमच्या आईला पाना धरता यायचा. बैलाला वैरण टाकावी तशी ती रोज सकाळी इंजिनाचा स्क्रू सैल करून एअर काढायची, हॅण्डल आमचे वडील मारायचे.
पण त्यात आणि ट्रकात एक फरक होता बघा. त्या इंजिनाची टाकी वर, पंप खाली. डिझेल आपल्या वजनानं उतरायचं, स्क्रू सैल केला की हवा वर निघून जायची, हॅण्डपंपाची गरजच नाही. आणि कुठं फट पडली तर डिझेल टपटप गळायचं, लगेच दिसायचं. ट्रकात टाकी खाली चासीला, पंप वर इंजिनाला. फीड पंप डिझेल ओढून घेतो. तिथं फट पडली तर बाहेर थेंब पडत नाही, हवा आत जाते. कोरडी फट. म्हणून ती सापडत नाही. हळदवाल्या पोरा, तू ओलं शोधतोयस काय?

हळदीचा_फेरा
खरं सांगू काका, व्हय. मी आणि गॅरेजवाला दोघंबी टॉर्च मारून ओलं कुठं दिसतंय तेच बघत होतो.

पाना_सतरा
काकांनी एका परिच्छेदात माझी तीस वर्षं लिहिली. टाकी ते फीड पंप या वाटेत हवा आत येते, फीड पंपाच्या पुढं डिझेल बाहेर येतं. एवढं लक्षात ठेवलं की निम्मी शोधाशोध वाचते. गाडी चालू असताना हवा शिरते आणि बाहेरनं सगळं कोरडं म्हणजे फॉल्ट ओढणाऱ्या बाजूलाच. मोठा पंप खोलायचा प्रश्नच येत नाही. पैसे देऊ नकोस अजून.

कापूस_ते_कापशी
आमच्याकडं फलटण भागात एक वस्ताद होते, ते जुने तांब्याचे वायसर स्टोव्हवर लाल करून पाण्यात टाकायचे आणि तेच परत वापरायचे. लोक हसायचे. ह्याला काही अर्थ आहे का?

पाना_सतरा
आहे की. तांबं दाबून दाबून कडक होतं, मग ते बसत नाही नीट. लाल करून गार केलं की परत मऊ पडतं. आडरानात ही युक्ती गाडी घरी आणते. पण दुकानात नवीन वायसर चहाच्या पैशात मिळतो, मग स्टोव्ह कशाला पेटवायचा? आणि वायसरला एम-सील, साबण, च्युइंगगम लावू नका. हो, च्युइंगगम. बघितलंय मी.

नाद_करायचा_नाय
एवढं डोकं कशाला लावताय, फिल्टर काढून एअर इनटेकला पेट्रोलचं फडकं धरायचं, सेल्फ मारायचा, गाडी धडाधडा उठते आणि स्वतःची एअर स्वतः काढते. नाहीतर घाटात उतारालाच तोंड करून गेअरमधे सोडायची. आम्ही शंभर वेळा केलंय.

वाळव्याची_ट्रॅक्टरवाली
शंभर वेळा केलंय म्हणजे शंभर वेळा बंद पडलीय 😄

युरियावाला
गमतीचा भाग सोडा, पण दोन्ही गोष्टी कुणी करू नका. इनटेकला हीटर असलेल्या गाडीत पेट्रोलचं फडकं किंवा स्प्रे म्हणजे हातात बॉम्ब. आणि उतारावर बंद इंजिननं ट्रक सोडणं हा तर आत्मघात आहे. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीत जेवढी हवा भरलीय तेवढ्यावरच ब्रेक, आणि ती थोड्याच ब्रेकांत उतरते. स्टेअरिंग दगडासारखं होतं. हवा फारच उतरली तर काही गाड्यांचा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, तोही वळणावर. खंबाटकीत तर अजिबात नको.

नाद_करायचा_नाय
बरं बाबा. पण पूर्वी चालायचं.

विहिरीवरचं_इंजिन
पूर्वी जे मेले ते आता लिहायला येत नाहीत, म्हणून चालायचं असं वाटतं.

एमएच_अकरा
काकांना माझ्याकडून कंदी पेढा.

हिशोबनीस_मिरज
मला गाडीतलं काही कळत नाही, मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं करतो. पण एक गोष्ट खटकली म्हणून विचारतो. धागाकर्ते, येताना खंबाटकीच्या आधी बोरघाट लागतो की. तो तर जास्त मोठा चढ. तिथं कधी बंद पडली का?

हळदीचा_फेरा
नाही. एकदाबी नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रिकामा_टेम्पो
मग चढाचा, लोडचा संबंधच नाही. भुताटकी आहे खंबाटकीत.

हिशोबनीस_मिरज
भुताटकी नंतर बघू. डिझेल कुठं भरता? टाकी केवढी? ॲव्हरेज काय?

हळदीचा_फेरा
सांगलीत निघतानाच फुल करतो, वाटेत भरत नाही, इथं आमचं खातं आहे. टाकी दोनशे लिटरची. ॲव्हरेज पाचच्या आसपास.

हिशोबनीस_मिरज
मग हे बघा. सांगली ते वाशी धरा ३६० किलोमीटर. वाशीहून परत बोरघाटाच्या माथ्यापर्यंत धरा ७०. म्हणजे बोरघाट चढून होईस्तोवर ४३० झाले, पाचनं भागलं तर ८६ लिटर गेलं, टाकीत ११४ शिल्लक, अर्ध्याच्या वर. खंबाटकी म्हणजे वाशीपासून साधारण १९०, एकूण ५५०, म्हणजे ११० लिटर गेलं, शिल्लक ९०. अर्ध्याच्या खाली. चारही वेळा असंच असणार, कारण तुम्ही भरताय एकाच ठिकाणी आणि जाताय एकाच रस्त्यानं. गाडी घाटात बंद पडत नाही, ९० लिटरला बंद पडतीय. का ते तुम्ही गाडीवाल्यांनी सांगा.

पाना_सतरा
अरं तिच्या. हिशोबनीस साहेब, नोकरी सोडा आणि माझ्याकडं या.

पाना_सतरा
आता डोक्यात उजेड पडला, सविस्तर लिहितो. टाकीच्या आत एक उभा पाईप असतो, वरच्या झाकणाला धरून खाली तळाजवळ गेलेला. त्यातनं डिझेल ओढलं जातं. बाहेरचं सगळं बदललं, पण टाकीच्या आतलं कुणी बघितलं का? त्या पाईपाला मधेच कुठं गंजून बारीक भोक पडलं असलं, तर डिझेल भोकाच्या वर आहे तोवर भोकातनं पण डिझेलच जातं, काही कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की तिथनं हवा. सपाटीला थोडी थोडी हवा जाते, गाडी रेटून नेते. घाटात तोंड वर झालं की टाकीतलं डिझेल मागं सरकतं, पाईप पुढच्या अंगाला असला तर तिथली पातळी अजून उतरते, वर लोडमुळं इंजिन डिझेल जास्त मागतं. मग बसते.
एक विचारतो, सकाळी पहिली स्टार्ट कशी आहे? टाकी कमी असताना?

हळदीचा_फेरा
दादा काय बोलू आता. टाकी कमी असली की सकाळी हॅण्डपंप चार-पाच वेळा मारल्याशिवाय उठत नाही. फुल असली की अर्ध्या सेल्फला उठते. आम्ही म्हणायचो थंडीमुळं.

विहिरीवरचं_इंजिन
सांगलीत थंडी? 😀

पाना_सतरा
रात्री भोकातनं हवा जाऊन पाईपातलं डिझेल टाकीत उतरतं. जमतंय सगळं. पण खात्री केल्याशिवाय टाकी खोलू नकोस. स्वच्छ कॅनमध्ये दहा-वीस लिटर डिझेल घे, फीड पंपाकडं येणारा पाईप टाकीकडनं सोड, दुसरा पाईप जोडून कॅनमध्ये बुडव. कॅन नीट बांध. एअर काढ आणि गाडी चालव पाच-दहा किलोमीटर चढावर. नाही थांबली तर दोष टाकीत, थांबली तर फीड पंपाच्या बाजूला. जमलं तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाईपाचा तुकडा टाक, बुडबुडे डोळ्यानं दिसतात. डिझेलला टिकणाराच घे, पाण्याच्या टाकीचा नको, तो डिझेलनं खराब होतो. बघून झालं की काढून टाक.

रिकामा_टेम्पो
त्यापेक्षा टाकीत कॉम्प्रेसरची हवा मारून बघायची कुठनं गळतंय.

पाना_सतरा
अजिबात नको. टाकी पत्र्याची आहे, टायर नाही. फाटली तर डिझेल आणि पत्रा दोन्ही अंगावर. आणि हे भोक टाकीच्या आत आहे, बाहेर काय गळणार?

एमएच_अकरा
माझी पैज. पाईपच निघणार. निघाला तर सांगलीकरांनी सगळ्यांना भडंग, नाही निघाला तर माझ्याकडून एक किलो पेढे.

युरियावाला
मला वाटतं टाकीतली जाळी चोक असेल. पातळी कमी झाली की तळाचा गाळ वर येतो. त्यानंपण असंच होतं.

पाना_सतरा
जाळी चोक झाली तर गाडी ओढत नाही, पण फिल्टरच्या बोल्टातनं फेस येत नाही. ह्याच्या बोल्टातनं दरवेळी फेस येतोय. आला ना रे?

हळदीचा_फेरा
भरपूर. सोड्याच्या बाटलीसारखा.

(चार दिवसांनी)

हळदीचा_फेरा
मंडळी, उशीर झाला, फेऱ्यावर होतो. परवा टाकीत साठ-सत्तर लिटर असताना कॅन लावला, पाठीमागं वीट-वाळू भरली आणि पेडच्या चढाला तीन वेळा वर-खाली केली. एकदापण आचका नाही. मग कॅन काढून टाकीचा पाईप परत जोडला, एअर काढली, तोच चढ. निम्म्यावर गेली आणि मेली. मला रस्त्यातच नाचावं वाटलं, आण्णा म्हणाले खुळा झाला काय, गाडी बंद पडली आणि हे हसतंय.
घरी येऊन टाकीवरचं झाकण सोडलं, पाईप बाहेर ओढला. खालून वीतभर चकचकीत, वर गंज. आणि गंजाच्या जागी, बरोबर मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढं भोक. त्याच्या बाजूला अजून एक, बारीक. खालचं टोक बोटानं बंद करून पाण्याच्या बादलीत धरला आणि वरनं फुंकलं तर बुडबुडे. आण्णांनी चष्मा काढून, पुसून, परत घालून बघितलं आणि म्हणाले, ह्या भोकासाठी आपण नवा फीड पंप घेतला?

पाना_सतरा
जुना फीड पंप फेकला नाही ना?

हळदीचा_फेरा
आण्णा काहीच फेकत नाहीत. माळ्यावर आहे. तुमच्याकडं दाखवायला आणतो, चांगला असंल तर स्पेअर होईल.

हिशोबनीस_मिरज
पाईप किती लांबीचा आणि भोक वरून किती अंतरावर?

हळदीचा_फेरा
तुम्ही विचारणार म्हणून टेपनं मोजूनच ठेवलंय साहेब. झाकणापासून खाली ४८ सेंटिमीटर पाईप, भोक २६ वर. अर्ध्याच्या जरा खाली.

हिशोबनीस_मिरज
धन्यवाद. आज ऑफिसात फुकट चहा पाजला सगळ्यांना.

कापूस_ते_कापशी
पण मधेच का गंजला? तळाला पाणी साचतं, तिथं गंजायला पाहिजे होता ना?

विहिरीवरचं_इंजिन
तळाला तो कायम बुडालेला असतो, डिझेल म्हणजे तेलच ते. तुम्ही कायम निम्मी टाकी रिकामी ठेवून गाडी उभी करता, वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा, रात्री पत्रा गार पडला की आत दव धरतं. पाईपाचा जो भाग कधी ओला कधी कोरडा तोच आधी खातो. विहिरीत दोर कुठं कुजतो? पाण्याच्या रेषेला.

पाना_सतरा
काकांच्या पुढं मी काय बोलू. फक्त एवढं, पाणी वेगळं करायचा जो वाटीसारखा सेपरेटर आहे त्याची चावी पावसाळ्यात दर आठवड्याला सोडून बघत जा. आणि ऐक, पाईप बाहेर काढलाय तो बाहेरच दुरुस्त कर. कुणी टाकी गाडीवरच ठेवून वेल्डिंग मारू म्हणाला तर हाकलून दे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ पेटते.

हळदीचा_फेरा
वेल्डरनं तेच म्हणालेला, झाकण लावून जागेवरच टाका मारतो. आण्णांनी दुसरीकडं नेला. पितळी ब्रेझिंग करायच्या ऐवजी सरळ नवाच पाईप टाकून घेतला, झाकणाला बाहेरच जोडून. पाचशेच्या आत सगळं. फीड पंप, फिल्टर, वायसर, घाटातनं क्रेननं बाजूला काढायचे पैसे, त्याचा हिशोब मी करत नाही, हिशोबनीस साहेबांनीपण करू नये.

रिकामा_टेम्पो
आणि गॅरेजवाला? काय म्हणाला?

हळदीचा_फेरा
म्हणाला, मी सांगणारच होतो.

वाळव्याची_ट्रॅक्टरवाली
माझ्या एका ट्रॅक्टरचं पण सकाळी असंच आहे, डिझेल कमी असलं की उठत नाही. पण त्याची टाकी वर आहे, बॉनेटमध्ये. हेच असेल का?

पाना_सतरा
ताई त्याची टाकी वर म्हणजे काकांच्या विहिरीवरच्या इंजिनासारखी गत. हे नसणार. रात्रभर उभा असतो तिथं खाली जमिनीवर ओलं दिसतं का ते आधी बघा. आणि पोराला चाकातली एअर बघू नको म्हणावं.

एमएच_अकरा
ते राहू द्या, भडंग कुठं आहे?

हळदीचा_फेरा
काल खंबाटकी चढली. टाकीत मुद्दाम ऐंशीच लिटर ठेवलेलं, हात सेल्फच्या चावीवरच होता पूर्ण घाट. वेळ्यात उतरून चहा पिलो तेव्हा घाम वाळला. भडंगाची पाच किलोची पिशवी केबिनमध्ये आहे, शनिवारी जाताना उंब्रजला पाना_सतरा दादांच्या गॅरेजवर ठेवतो, ज्याला पाहिजे त्यानं येऊन खावा. काकांना मी पलूसला घरी आणून देतो, त्यांनी सायकलवर यायचं नाही.

विहिरीवरचं_इंजिन
दात नाहीत बाळा. चहात भिजवून खाईन. ये.